डोकं एकाचं, शेपूट दुसऱ्याचं

वट्टमवार सरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली. मी वनस्पतिशास्त्र विभागात नवीनच लागले होते. आमच्या आणि भूशास्त्र विभागाच्या मध्ये एकच व्हरांडा होता आणि पावसाळ्यात त्यात पैसा किडे यायचे, ते तांबूस-काळे, शेकडो पायांचे, हात लावला की वेटोळं करून पडणारे. मी शिपायाला झाडू आणायला सांगितला, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, पाठीत वाकलेला माणूस बाहेर आला.

"मॅडम, झाडू नका मारू. पाव्हणे हायत ते."

"तुमचे असतील."

"हाव, माझेच हायत. म्हणून तर सांगून राहिलो."

मी चिडले होते, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "या, ह्यांच्या थोरल्या घराण्याची ओळख करून देतो," म्हणत त्यांनी मला आत नेलं, एक खण ओढला आणि माझ्या हातावर अंगठ्याएवढा करडा दगड ठेवला. दगडात एक प्राणी होता. डोकं, अंगावर आडव्या कड्या, मागं शेपटीचा पंखा. ट्रायलोबाइट. मराठीत त्याला त्रिखंडी म्हणतात, हेही मला त्या दिवशी कळलं. मी हुशारी दाखवायला म्हटलं, "डोकं, धड, शेपूट, म्हणून तीन खंड."

सरांचा चेहरा पडला. "दरसाल पोरं हेच लिहितात अन् दरसाल मी एक मार्क कापतो. खंड आडवे न्हाईत मॅडम, उभे हायत. मधली पट्टी, तिच्या डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक. आडवं बघायची सवय लागली की उभं दिसत न्हाई माणसाला."

मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक मार्क गमावून परत आले.

सर मूळचे बिलोलीचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्रिखंडीच्या अंगावरच्या कड्या मोजायच्या म्हटल्या की मात्र तेलुगूच, ओकटी, रेंडु, मूडु. मराठीत मोजलं तर चुकतं म्हणायचे. नांदेडच्या जमिनीत खोल खणत गेलं तरी काळा दगडच लागतो, आणि लाव्ह्याच्या त्या दगडात असला जीव सापडायची सोय नाही. समुद्र बघायचा तर एक अख्खा दिवस प्रवास करावा लागतो. अशा गावात बसून हा माणूस समुद्रातून पंचवीस कोटी वर्षांपूर्वी कायमच्या गेलेल्या प्राण्यांची घराणी लावत होता. तरुणपणी ते आपल्या गुरुजींबरोबर दोन उन्हाळे हिमालयात स्पितीला गेले होते आणि तिथून चार पेट्या भरून दगड घेऊन आले होते. पुढचं सगळं आयुष्य त्या चार पेट्यांनी खाल्लं. बायको थट्टेनं म्हणायची की मला हुंड्यात पेटी आणायला लावली असती तरी ह्यांनी आधी दगडाचीच उघडली असती.

त्यांची कामाची एक रीत होती. प्रत्येक दगडाला ते तीन प्रश्न विचारायचे. डोळ्याशेजारून जाणारी शिवण कुठून निघून कुठं संपते, धडाला कड्या किती, आणि डोक्याच्या मानानं शेपूट केवढं. त्यावरून घराणं ठरायचं. ठरलं की चिठ्ठी, पण पेन्सिलीनं. एक वर्ष चिठ्ठी पेन्सिलीत राहायची. वर्षभरात शंका आली नाही तर वर शाई. विद्यार्थी घाई करायला लागले की म्हणायचे, "ह्याला घाई न्हाई. पंचवीस कोटी वर्षं थांबलाय, अजून एक पावसाळा थांबंल."

स्टाफरूममधल्या माणसांचंही त्यांनी असंच वर्गीकरण केलं होतं. प्राचार्य कुठल्या घराण्यातले, हे ते चहाच्या वेळी माझ्या कानात सांगत. "डोकं बारीक, शेपूट लई मोठं. कुठं जातील तिथं मागं धा जण." मी कुठल्या घराण्यात, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही अजून पेन्सिलीत हायत."

खोटं बोलणं त्यांना जमतच नव्हतं, आणि हा काही नुसता गुण नव्हे. सोबत राहणाऱ्याला त्याचा फार ताप होतो. उमरीकडच्या एका गावात विहीर खणताना मोठाले गोल दगड निघाले. राक्षसी प्राण्याची अंडी निघाली असा बोभाटा झाला. गावकऱ्यांनी त्यातला एक लिंबाखाली बसवला, शेंदूर लावला आणि सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मला बरोबर नेलं होतं. मंडप, माईक, शाल, सगळं होतं. सरांनी दगडाला गोल फेरी मारली, नखानं एक पापुद्रा सोलला आणि माईकवर शांतपणे सांगितलं की हे अंडं नाही, ऊन-पाण्यानं कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला आपला नेहमीचा काळा दगड आहे. सरपंच हळूच म्हणाले, "सर, असू शकतं, एवढं तरी म्हणा."

"पूजा करा की. पूजेला माझी हरकत न्हाई," सर म्हणाले. "पण अंडं न्हाई ते."

जेवण तयार होतं, पण पंगतीला बसा असं कुणी म्हटलं नाही. परत येताना मी भुकेनं कावले होते. सरांना त्याचं काहीच नव्हतं. वाटेत एका शेतकऱ्यानं दिलेल्या ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते.

त्या चार पेट्यांतला एक दगड त्यांचा जीव की प्राण होता. त्याचं डोकं एका घराण्याचं होतं आणि शेपूट दुसऱ्याचं. अशी दोन घराणी, ज्यांचा एकमेकांशी संबंध कसा हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हा प्राणी म्हणजे त्यांच्यामधला दुवा, असं सरांचं म्हणणं. त्याची चिठ्ठी त्यांनी एक नव्हे, सात वर्षं पेन्सिलीत ठेवली. मग शाई लावली, नवीन प्रजाती म्हणून निबंध छापला आणि तिला बिलोलीवरून नाव दिलं. तो निबंध आला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले, प्राचार्यांच्या शेपटासकट.

या दगडावरच सुवर्णानं पीएच.डी. केली. सुवर्णा बिरादार, उदगीरची. वडिलांचं, अप्पांचं, भुसार मालाचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असलेला, कमी बोलणारा माणूस. समाजातली स्थळं परतवून त्यांनी पोरीला शिकू दिलं होतं. पाच वर्षं ती सरांच्या हाताखाली होती. दुव्याचा आधार घेऊन तिनं दोन्ही घराण्यांची नव्यानं मांडणी केली. पदवी मिळाली, लातूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. दोन वर्षं परिवीक्षेची होती, येत्या जूनमध्ये कायम व्हायची होती. सर तिला शाईची पोरगी म्हणायचे. स्वतःच्या मुलाचं एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि मग आमच्याकडं मूल्यांकन समिती येणार असं ठरलं. समिती येणार म्हटलं की कॉलेजात काय होतं हे त्यातून गेलेल्यालाच माहीत. झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागतो, कधी न उघडलेल्या ग्रंथालयाच्या खिडक्या उघडतात. सगळं चमकलं पाहिजे, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. भूशास्त्र विभागाचे परिचर मुनीरमामू. वीस वर्षं सरांबरोबर होते, आणि सरांवर त्यांचा जीव होता. सर दोन दिवस रजेवर गेले तेवढ्यात त्यांनी दोन खणांतल्या सगळ्या दगडांना वॉर्निश मारलं.

सर परत आले तेव्हा मी तिथंच होते. खण उघडला तर दगड पाकातून काढल्यासारखे चकाकत होते. सर स्टुलावर बसले.

"साहेब लोक येनार म्हनून मारलं सर," मामू म्हणाले. "चांगलं हाय. दरवाज्याला मारतेत तेच."

"हाव मामू," सर म्हणाले. "हात चांगला बसलाय तुमचा."

समितीनं त्या खणांचं खास कौतुक केलं. ती गेल्यावर सर आणि मामू थिनर आणि कापूस घेऊन बसले. एकेक दगड पुसायचा, वाळवायचा, भिंगाखाली बघायचा. महिना-दीड महिना हेच चाललं होतं. व्हरांड्यात थिनरचा वास कोंडून माझं डोकं दुखायचं.

एके दुपारी मामू मला बोलवायला आले. सर टेबलाशी बसले होते आणि समोर तो दुव्याचा दगड दोन तुकड्यांत पडला होता. थिनरनं वॉर्निशबरोबर सांध्यातला जुना गोंदही सोडवला होता. तुटला म्हणून त्यांना वाईट वाटतंय असं मला वाटलं. मी म्हटलं, "चिकटवता येईल की."

"चिकटवलाच होता. तेच तर." त्यांनी डोक्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि पेटीच्या तळातल्या पिशवीतून काढलेला तिसराच एक तुकडा पुढं केला. "हे बसवून बघा."

मी बसवला. तो इतका चपखल बसला की फट शोधूनही सापडेना. मग त्यांनी जुनं शेपूट दिलं. ते बसत नव्हतं. मध्ये जागा राहत होती आणि त्या जागेत प्लास्टर भरलेलं होतं, आतून पांढरं, वरून धुळीनं दगडासारखंच करडं.

"माझंच प्लास्टर," सर म्हणाले. "स्पितीहून उतरताना ट्रकमधी पेटी आदळली. तंबूत बसून जोडलं. थंडीनं बोटं वाकत नव्हती. शेपूट शेजारच्या थरातलं हाय, दुसऱ्याच प्राण्याचं. मापाला मिळतं होतं, बसवून टाकलं. नंतर विसरून गेलो की हे मी जोडलंय."

म्हणजे दुवा वगैरे काही नव्हताच. दोन नेहमीचे, आधीच माहीत असलेले प्राणी होते आणि मध्ये चिमूटभर प्लास्टर. सात वर्षं पेन्सिलीत ठेवलेली चिठ्ठी चूक होती, आणि तिच्यावर रचलेला सुवर्णाचा प्रबंधही.

"कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मामूला. अन् आता तुम्हाला."

मी काय म्हणाले ते लपवत नाही. मी म्हटलं, जूनपर्यंत गप्प बसा. पोरगी कायम होऊ द्या, मग काय दुरुस्ती करायची ती करा. त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं, पंचवीस कोटी वर्षं थांबलाय, अजून एक उन्हाळा थांबेल.

सरांनी तिन्ही तुकडे एका डबीत ठेवले. मग म्हणाले, "दगड थांबंल मॅडम. माणसं थांबून न्हाई राहिली. सुवर्णाच्या मांडणीवर दोघं जण काम करून राहिले, एक तिकडं धारवाडकडं, एक परदेशात. दोघांची पत्रं हायत माझ्याकडं. माझ्या प्लास्टरवर भिंती उभ्या करून राहिले ते. जूनपर्यंत माळवद टाकतील."

"आणि सुवर्णा?"

"तिला मी स्वतः जाऊन सांगणार. कागदावरून कळायला नको."

रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून उदगीरला नेलं. अडीच-तीन तास ते तिन्ही तुकड्यांची डबी मांडीवर धरून बसले होते. सुवर्णा लातूरहून घरी आली होती. अप्पांनी ओसरीवर सतरंजी टाकली, सुवर्णाच्या आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला आणि ताक आणलं. सरांनी ताटलीला हात लावला नाही. त्यांनी डबी उघडली आणि शिकवताना सांगत तसं, सरळ, पहिल्यापासून सांगितलं.

सुवर्णानं तुकडे उचलले. खरं शेपूट लावून पाहिलं, खोटं लावून पाहिलं, परत खरं लावलं. तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मी हा दगड दोनशे वेळा हातात घेतला असंल सर. मला कसं दिसलं न्हाई?"

"मी दिला होता म्हणून. तू माझ्यावर शंकाच घेतली न्हाईस कधी. ती घ्यायला मी शिकवायला पाहिजे होतं."

ती तुकड्यांकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "जूननंतर सांगा सर. आजपर्यंत तुमच्याकडं काही मागितलं न्हाई मी."

सर काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ तिथं बसलेल्या सगळ्यांना कळला. अप्पा आतापर्यंत खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सर, आमाला ह्यातलं काय समजत न्हाई. तुमी तिचे गुरू. एवढंच सांगा, पोरीचं नुकसान हुईल का?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी म्हणेल. बघू, निघेल मार्ग, मी आहे ना. सगळेच म्हणतात.

"हाव," सर म्हणाले. "हुईल."

अप्पा उठले आणि दुकान उघडायचंय म्हणून निघून गेले. रविवार होता. आम्हाला निरोप द्यायला दाराशी फक्त आई आली.

परतीच्या रस्त्यावर मी सरांना नको नको ते बोलले. तुम्हाला तुमचं नाव धुवून काढायचंय आणि पाणी त्या पोरीचं वापरताय, असंही बोलले. ते खिडकीबाहेर बघत होते. "असंल," म्हणाले. "तसंही असंल. मी लई विचार केला, माझं मला कळत न्हाई." यावर पुढं भांडताही येईना. मला त्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आजही येतो.

दुरुस्तीचा निबंध त्यांनी एकट्याच्या नावानं छापला. चूक माझी, विद्यार्थिनीचा दोष नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं. पण असल्या गोष्टींत दोष कागदावर लिहिलेल्याच माणसाकडं जातो असं नाही. विद्यापीठानं चौकशी नेमली, पदवी स्थगित ठेवली आणि प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायला सांगितलं. सरांचं मार्गदर्शकपद काढून घेतलं. लातूरच्या कॉलेजानं सुवर्णाला कायम केलं नाही. तासिका तत्त्वावर ठेवलं, म्हणजे त्याच वर्गात, तोच खडू हातात, पण कुठलीही सुट्टी लागली की पगार बंद. तिनं सरांशी बोलणं सोडलं. फोन उचलत नव्हती. माझाही क्वचितच उचलायची.

सर निवृत्त होऊन बिलोलीला गेले. चार पेट्या विद्यापीठामार्फत सुवर्णाकडं गेल्या होत्या, तरी मोजमापांच्या वह्या सरांकडंच होत्या. दर महिन्याला ते त्यातल्या एकेका खणाची टिपणं तपासून, शंका आहे तिथं खूण करून तिला रजिस्टर टपालानं पाठवत. तिनं एकदाही पोच दिली नाही, पण पाकीट परतही पाठवलं नाही. "घेऊन राहिली, एवढं पुरे," मला फोनवर सांगायचे. ती वाचते की बंबात घालते, ते त्यांना कधी कळलं नाही.

अडीच वर्षांनी तिची मौखिक परीक्षा ठरली. खुली असते ती, कुणीही बसू शकतं. सरांनी तारीख माझ्याकडून काढून घेतली आणि सकाळच्या बसनं विद्यापीठात आले. एवढ्यात बरेच खंगले होते. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

सुवर्णा छान बोलली. माझ्यासारख्या झाडपाल्यावालीलाही कळलं की हा प्रबंध आधीच्यापेक्षा सरस आहे. चारही पेट्यांतला एकेक सांधा तिनं तपासला होता. जोडलेल्या, तुटलेल्या, नुसती कात राहिलेल्या नमुन्यांनी वर्गीकरण कसं फसतं, हाच तिचा विषय झाला होता. दोन्ही घराणी तिनं वेगळी केली होती, आणि तो दगड पडद्यावर दोन तुकड्यांत दाखवला.

बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. ते पुढं झुकून म्हणाले, "फार महत्त्वाची गोष्ट आहे. हा सांधा चुकीचा आहे, हे प्रथम कुणाच्या लक्षात आलं?"

सुवर्णानं मागं पाहिलं. अडीच वर्षांत पहिल्यांदाच तिनं सरांकडं पाहिलं. मग परीक्षकांकडं वळून म्हणाली, "पुन्हा मापं घेताना माझ्या लक्षात आलं, सर."

सरांचा दुरुस्तीचा निबंध परीक्षकांनी बहुधा वाचलेला नसावा. "वा, उत्तम," म्हणत त्यांनी कागदावर काही लिहिलं. मी उठायला लागले. सरांनी माझं मनगट धरलं.

"बसा मॅडम."

निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, लोक पुढं गेले. सर मागच्या दारानं बाहेर पडले आणि थेट बस थांब्याकडं चालायला लागले. मी मागोमाग गेले.

"खोटं बोलली ती, सर. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"हाव."

"हे बरोबर आहे का?"

"न्हाई," ते म्हणाले. "बरोबर न्हाई. पण राहू द्या."

बिलोलीची बस उभीच होती. सर चढले आणि माझ्या बाजूच्या खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टर खाली चहा पीत होता. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन थांबलं. सुवर्णा होती. दोन्ही हातांत पेढ्यांचे बॉक्स, काखेत फाइल.

"काही म्हणाले का?" तिनं मला विचारलं.

"राहू द्या म्हणाले."

ती बसच्या खिडकीकडं बघत राहिली. सरांनी तिला पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली. आणि सरांनी खिडकीतून, आपल्या विद्यार्थिनीला, आधी आपण हात जोडले.

तिला जोडता आले नाहीत. हातातले बॉक्स खाली ठेवेपर्यंत बस वळणावरून पुढं गेली होती. पुढच्या हिवाळ्यात बिलोलीहून सर गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी लातूरला तिला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतं त्यांना, मॅडम. सांधा आधी कुणी पकडला, ते मी खरं सांगणार होते."